पाण्यापल्याडचं घर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांटी कुठं पहिली द्यायची आणि कुठं दुसरी, हे मला कधीच नीट समजलं नाही. आता बोटंही दुखतात, त्यामुळे ओळ सरळ सुरू होते आणि कागदाच्या कडेला जाईपर्यंत खाली घसरते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलं तर अक्षराबद्दल आणि चुकांबद्दल आधीच माफी मागून ठेवते.

लिहायचं कारण एवढंच की नातीला शाळेत ‘माझे घर’ असा निबंध होता. आम्ही मारुंजीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिनं बाल्कनी लिहिली, टीव्ही लिहिला, तिची खाट लिहिली. मग मला म्हणाली, "आजी, तू लहान होतीस तेव्हा तुझं घर कसं होतं?"

मी म्हटलं, "कुडाचं होतं. वर गवत."

"आणि?"

मला पुढं बोलता येईना. कुकर लावायचाय म्हणून मी उठले. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही, घरातल्या माणसांतही नाही. कागदावर जमतं का ते बघते.

आमचं गाव मुळशीच्या धरणाकाठचं. खरं म्हणजे गाव पाण्याखालीच होतं. माझ्या जन्माच्या पुष्कळ आधी धरण झालं, खोऱ्यातली घरं उठली आणि ज्याला जिकडं जागा मिळाली तिकडं तो चढला. एकाच आळीतली माणसं पाण्याच्या दोन अंगांना जाऊन बसली. ज्या काठाला पौडकडं जाणारा रस्ता होता त्याला सगळे अल्याड म्हणायचे आणि आमच्या काठाला पल्याड. गंमत म्हणजे आम्ही स्वतःही आमच्या घराला पल्याडच म्हणायचो. जणू आम्ही तिथं राहतच नव्हतो.

पल्याडच्या उतारावर तीन घरं होती, मधलं आमचं. मागं जांभळाचं झाड. कारवीचे कूड, त्यांना शेणमातीचं लिंपण, वर गवत. आबा म्हणजे माझे वडील दर वर्षी पावसाच्या आधी घर नव्यानं शाकारायचे. आत एकच खोली. एका कोपऱ्यात दोन शेळ्या, दुसऱ्या कोपऱ्यात चूल, आणि चूल नि शेळ्या यांच्या मधली जागा माझी. चुलीच्या मागं एक फळी होती, तिच्यावर मिठाचं गाडगं. आई कालवण ढवळता ढवळता मागं न बघताच हात मागं करायची आणि मी अंधारातही ते गाडगं बरोबर तिच्या हातात द्यायचे. आमच्या दोघींत त्यावर कधी बोलणं झालं नाही. नातीला सांगायचं होतं ते हेच असावं, पण निबंधात असलं काय लिहिणार.

आबांची एक होडी होती. आमचं चालायचं ते तिच्यावरच. जमीन पाण्यात गेली होती. वर डोंगराचा एक तुकडा उरला होता, त्यातली नाचणी आणि वरई पौषापर्यंत पुरायची. बाकीचे दिवस आबा माणसं अल्याडला सोडायचे, त्यांची बाजाराची ओझी आणायचे. अल्याडच्या एका घराची भातखाचरं आमच्या काठाला राहिली होती. त्या घरातल्या कर्त्या माणसाला सगळे नाना म्हणायचे. झोडणी झाली की नानांचं भात दर वर्षी आबाच होडीतून त्यांच्या घरी पोचवायचे.

त्या वर्षी मी चौथी पास होऊन घरी बसले होते. पुढची शाळा पौडला, तिथं कोण पाठवणार. मार्गशीर्षातली दुपार होती. मी आबांना भाकरी द्यायला काठावर गेले होते. नाना पोती मोजत उभे होते.

आबा म्हणाले, "नाना, दोन खेपा करू. वारं उठलं तर जड व्हईल."

"दोन खेपात दिस बुडंल. आज काय नवीन हाय व्हय तुला? चढव."

आबांनी सगळी आठ पोती चढवली. आबा कुणाला नाही म्हणत नसत. तो स्वभाव माझ्यात आला.

होडीत आबा आणि नानांचा एक गडी. नाना डोंगराच्या बाजूनं चालत यायचे होते. आमच्या पाण्यावर वारा उठण्याआधी लांबून एक काळी रेघ सरकत येते. मी ती रेघ पाहिली. आबांनीही पाहिली असणार, कारण ते वल्हं थांबवून उभे राहिले. मग होडीची एक बाजू खाली गेली. पोती बुडताना काही आवाज झाला नाही. आबा आणि तो गडी वल्ह्याला धरून पोहत अल्याडच्या काठाला लागले. होडी नंतर वाऱ्यानं आपोआप कडेला आली, रिकामी.

देवळापाशी माणसं बसली. मी आईच्या पाठीमागं तिचा पदर धरून उभी होते. कुणीतरी आबांच्या बाजूनं बोललं, "पर येवढी पोती एका खेपंत भरली कुनी?"

त्यावर एक म्हातारा म्हणाला, "भरू दे कुनी बी. होडी कुनाची?"

"माजी," आबा म्हणाले.

तिथंच निकाल लागला. आमच्याकडं होडीचा रिवाज असा होता की माल होडीत चढला की काठाला लागेपर्यंत तो होडीवाल्याचा. चोरीला गेला तर त्यानं द्यायचा, बुडाला तर त्यानं भरायचा. आबांनी हा रिवाज लहानपणापासून पाळला होता, आता त्याविरुद्ध काय बोलणार. नानांच्या घरातही वर्षभराचं भात गेलं होतं. ते काही श्रीमंत नव्हते. भाताचे पैसे जमतील तसे आबांनी द्यायचे असं ठरलं.

मग नाना म्हणाले, "आमच्या सुनंला तान्हं हाय. ती शेतात जाती तवा पोर बघायला कोन न्हाई. ही तुजी घरीच असती न्हवं? येऊ दे आमच्याकडं. खाईल-पिईल, आनि तिच्या कामाचं बी आपुन ह्यात धरू."

आबांनी आईकडं पाहिलं. आईनं खाली पाहिलं. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

निघायच्या दिवशी आईनं धाकट्या भावाला कडेवर घेऊनच माझे दोन परकर आणि पोलकी एका फडक्यात बांधली. मी पाटी घेतली तर म्हणाली, "ती ऱ्हाऊ दे. पैसं फिटलं की येशीलच की घरी." पाटी मी मिठाच्या गाडग्याजवळ फळीवर उभी करून ठेवली. होडीत बसल्यावर मी घराकडं तोंड करून बसले. आबा वल्हं मारताना एकदाच म्हणाले, "अशी उलटी बसू नगं, चक्कर येईल."

नानांचं घर कौलारू होतं, ओसरी मोठी. त्यांच्या बायकोला नानी आणि सुनेला वहिनी म्हणायचं असं मला सांगितलं. नानी बोलायला फटकळ होत्या, पण मला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही आणि मारलंही नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असल्या गोष्टीत लोकांना मारझोड ऐकायची असते. तसं काही नव्हतं. बाळाची झोळी हलवायची, लंगोट धुवायचे, पाणी भरायचं, बाळ रडलं तर कडेवर घेऊन फिरायचं. भाकरी तांदळाची मिळायची. आमच्या घरी ती सणाला व्हायची. मी ती खात असे, आणि खाताना पल्याड आत्ता काय शिजत असेल ते मनात यायचं.

नानांच्या परसातून आमचा काठ दिसायचा. घर म्हणजे एक तपकिरी ठिपका. पण सकाळी त्यातून धूर निघायचा आणि जांभळाच्या बाजूनं तिरका वर जायचा. तो दिसला की आई उठली असं मी समजायचे. संध्याकाळचा धूर निघाला की आबा परतले. नानी मागून म्हणायच्या, "पान्याकडं बघून पोट भरतं का गं तुजं? त्यो लंगोट वाळत घाल आदी."

गल्लीतली पोरं मला ‘आठ पोती’ म्हणायची. पाण्याला निघाले की एखादा ओरडायचा, "पोतं आलं, पोतं." दुसरा म्हणायचा, "बघ रं, गळतंय का." मी खाली मान घालून हंडा घेऊन जायचे. घरी असते तर आईला सांगितलं असतं. इथं कुणाला सांगायचं ते ठरलेलं नव्हतं.

आबा अधूनमधून यायचे. हिरडा विकला, शिकेकाई विकली, होडीचे चार पैसे उरले की ते घेऊन यायचे. ओसरीच्या कडेला बसायचे, नानी चहा द्यायच्या. मी दाराच्या आड उभी. आबा पैसे नानांच्या हातात द्यायचे, नाना ते मोजायचे, मान हलवायचे. जाताना आबा मला पानाचा द्रोण द्यायचे, आईनं पाठवलेली करवंदं किंवा जांभळं. मी काठापर्यंत त्यांच्या मागं जायचे.

"आबा, अजून किती राहिलं?"

"थोडं हाय."

दर वेळी थोडंच असायचं. मला वाटायचं, थोडं म्हणजे या खेपेनंतरची खेप.

पावसाळ्यात तेवढीही खबर मिळायची नाही. आमच्याकडं पाऊस लागला की धुकं पाण्यावरच बसून राहतं. चार महिने पल्याड नावाची गोष्टच नसायची. समोर नुसतं पांढरं. पहिल्या पावसाळ्यात मी त्या पांढऱ्याकडंच बघत उभी राहायचे. बाळ माझ्या कडेवर बसून त्याच दिशेला बघायचं, काय दिसतंय म्हणून. धुक्यामागं घर आहे की नाही, याची मला खरंच शंका यायला लागली होती. न दिसणारी वस्तू असते की नसते, हे लहान मुलाला कोण सांगणार. आश्विनात एका सकाळी धुकं उठलं आणि धूर दिसला, तेव्हा मी हंडा तसाच ठेवून परसात खाली बसले.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट सांगते. वैशाखात धरणाचं पाणी खूप खाली जातं आणि जुनं गाव वर येतं. गाव म्हणजे घरांची जोती, एखादी विहीर, झाडांचे काळे बुंधे, आणि या सगळ्यातून जाणारा जुना गाडीरस्ता. आम्हां मुलांना ते नवल नव्हतं. मी लहान असताना आबांनी होडीतून नेऊन मला आमचं जोतं दाखवलं होतं. त्याच्या एका कोपऱ्यात दगडातलं उखळ होतं, तेवढी खूण माझ्या ध्यानात होती. आबा म्हणाले होते, "हितं आपली चूल हुती."

त्या वैशाखात एका सकाळी धूर निघाला नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी नानींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वारं न्हाई म्हनून दिसत न्हाई. जा, कामाला लाग." पण वारा नसला की धूर सरळ वर जातो आणि जास्त दिसतो, हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशीही तो ठिपका नुसता ठिपकाच राहिला.

परसातून जुना गाडीरस्ता स्वच्छ दिसत होता. तो खाली खोऱ्यात उतरत होता आणि आमच्या काठाच्या दिशेनं चालला होता. रस्ता आहे म्हणजे तो जिथं जातो तिथं पोचवतोच, असं मला वाटलं. वहिनी शेतात होत्या, नानी दळत होत्या. बाळाला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून त्याला कडेवर घेतलं आणि मी निघाले.

वरचा चिखल वाळून तडकला होता. पायाखाली खापऱ्या फुटल्यासारखा आवाज यायचा. खाली गेल्यावर चिखल ओला लागला, पाय घोट्यापर्यंत जायला लागले. मी रस्त्याच्या दगडांवरून चालत राहिले. विहिरीजवळून गेले, ती गाळानं भरलेली होती. मग उतार संपला आणि रस्ता पाण्यात गेला. मधे नदीची मूळ धार होती, ती कधीच आटत नसे. पलीकडून रस्ता पुन्हा बाहेर येऊन आमच्या उताराकडं जात होता, तेही दिसत होतं. मधलं पाणी होडीच्या दहा-बारा वल्ह्यांचं असेल. मी काठावर उभी राहिले. बाळ जड झालं होतं.

आजूबाजूला पाहिलं तर जवळच एका जोत्याच्या कोपऱ्यात उखळ दिसलं. मी त्या जोत्यावर चढले. उखळात गाळ होता, तो बोटांनी उकरून काढला. चूल कुठं असेल याचा अंदाज घेतला आणि चुलीच्या बाजूला, घरी माझी जागा होती त्याच अंगाला, बाळाला मांडीवर घेऊन बसले. बाळ झोपलं. मला तिथून उठावंसं वाटेना. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, वर ऊन तापत होतं. तरी मी आमच्या घरात बसले होते आणि इथून मला कुणी काम सांगणार नव्हतं.

नाना शोधत आले तेव्हा त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखले होते. हातात काठी होती. मी उठले नाही, बाळ जागं होईल म्हणून.

"कुटं निगाली हुतीस?"

"घरी."

त्यांनी आधी बाळाकडं पाहिलं, त्याच्या कपाळाला हात लावला. मग जोत्याकडं पाहिलं.

"ह्ये घर हाय व्हय?"

"आमचं जोतं हाय," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मला कुनाचं हाय त्ये." नाना कडेच्या दगडावर बसले आणि काठीनं पायाचा चिखल खरवडायला लागले. "तुजा आजा हितं चिलीम वढत बसायचा. माज्या बापाला शिव्या घालायचा हितनं. आमचं दार त्ये तितं, चिंचंचं बूड दिसतंय न्हवं, त्याच्या अंगाला." मग म्हणाले, "चिखलात रुतली असतीस तर तुज्या बापाला मी काय सांगितलं असतं? आनि माज्या लेकाला काय?"

मी विचारलं, "नाना, किती राहिलं?"

"त्ये तुज्या बापाला इचार," ते म्हणाले. बाळाला त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि पुढं चालायला लागले. मी त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकत मागून गेले.

नानींनी त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. वहिनींनी बरेच दिवस बाळाला माझ्याजवळ एकटं सोडलं नाही. आबा आले तेव्हा म्हणाले, "तुजी आय जरा पडून हुती. शेजारनीनं भाकरी दिली. आता बरी हाय." काय झालं होतं ते मला लग्नानंतर कळलं. मला एक बहीण झाली होती, ती राहिली नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला नानींनी मला दोन दिवस घरी पाठवलं. मी आदली रात्रभर खूश होते, हे लिहायलाही आता कसंतरी वाटतं. होडीतून उतरल्यावर मी पळत चढण चढले. दारात माझा धाकटा भाऊ उभा होता. मी गेले तेव्हा तो आईच्या कडेवर होता. आता शर्ट घालून उभा होता आणि मला बघून आत ओरडला, "आयं, पावनी आली."

आई बाहेर आली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. बारीक झाली होती. म्हणाली, "किती वाढलीस गं," आणि आत जाऊन पाट मांडला. आमच्या घरात पाट एकच होता आणि तो पाहुण्यालाच द्यायचे. मी म्हटलं, "मला नको पाट." ती म्हणाली, "बस की. दोन दिस आलीयास."

संध्याकाळी ती कालवण ढवळत होती. मी मागं जाऊन बसले. तिनं हात मागं केला नाही. मी आपणच फळीवर हात नेला तर हाताला तेलाची बाटली लागली.

"आयं, मीठ?"

"तितं न्हाई आता. उंदरं लई झाल्यात, म्हनून खाली डब्यात ठेवती." तिनं स्वतःच डबा ओढला आणि मीठ घातलं. पाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून माझी पाटी होती. भिजून भिजून तिची लाकडी चौकट सुटली होती.

चूल आणि शेळ्यांच्या मधल्या जागेत आता भाऊ झोपायचा. मला दाराजवळ घोंगडी घातली. तो आईला विचारत होता, "ही कवा जानार?" आई म्हणाली, "गप. बहीन हाय ती तुजी." तो म्हणाला, "मग हितं का ऱ्हात न्हाई?" आबा बाहेर होडीच्या फटींत डांबर भरत बसले होते.

सकाळी जाग आली आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे की बाळ उठलं असेल, त्याला कोण घेणार. मग मी कुठं आहे ते आठवलं. आईनं चूल पेटवली होती. धूर छपरातून वर चालला होता आणि मी त्याच्या खाली बसले होते. दोन वर्षं लांबून जो बघितला तोच हा धूर. डोळ्यांत जात होता.

परत जाताना मी होडीत घराकडं पाठ करून बसले. आबा वल्हं मारत राहिले.

तरीही मी पैसे फिटायची वाट बघायचं सोडलं नाही. मी घरी कायमची गेले की मिठाचं गाडगं परत फळीवर ठेवीन, पाटीला चौकट बसवीन, भावाला माझी जागा देऊन टाकीन पण शेजारी झोपेन, असं सगळं मनात ठरवलेलं होतं. बाळ आता चालायला, बोलायला लागलं होतं, मला आक्का म्हणायचं. मी त्याला सांगायचे, "ते बघ, पल्याड माझं घर." ते म्हणायचं, "कुटं?" मी बोट दाखवायचे. त्याला कधी दिसलं नाही.

असे आणखी दोन पावसाळे गेले. मी नहाण आलेली मुलगी झाले. नानी मला बाहेर पाण्याला पाठवेनाशा झाल्या. त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि पुढं चार-सहा दिवसांनी नानी सकाळीच म्हणाल्या, "गठुडं बांधून ठेव. तुजा बाप येतोय आज. सगळं पैसं आनतोय म्हनं, एकदम."

मला आधी समजलंच नाही. मग मी लगेच कामाला लागले. परकर, पोलकी, नानींनी दिलेलं एक जुनं लुगडं, सगळं फडक्यात बांधलं. बाळ येऊन गाठोड्यावर बसलं.

"आक्का, तू नगं जाऊ."

"मला माझ्या घरी जायचंय."

"ह्ये घर हाय की," ते म्हणालं, आणि जमिनीवर हात आपटून दाखवला. मी हसले. त्या घरात मी मोठ्यानं हसलेली मला ती एकच वेळ आठवते.

आबा आले. धुतलेलं धोतर नेसले होते, डोक्याला टोपी होती. बरोबर एक अनोळखी माणूस होता, छत्री घेतलेला. दोघं ओसरीवर बसले. नानींनी चहा केला. मी गाठोडं हातात घेऊन दाराआड उभी राहिले. आबांनी बंडीच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि नानांच्या पुढं ठेवल्या.

नानींनी विचारलं, "येवढं एकदम कुटनं आनलंस रं?"

आबा चहाच्या कपाकडं बघत बसले. मग त्या छत्रीवाल्याकडं हात करून म्हणाले, "पोरीचं जमवलंय. ह्यांचा पुतन्या. सूसला घर हाय, बैलजोडी हाय." आणि हळू म्हणाले, "देज दिलं त्यांनी."

आमच्यात तेव्हा मुलाकडचे मुलीच्या बापाला लग्नाआधी पैसे देत, तेच देज, आणि देज घेतलं की लग्न मुलाच्या दारात व्हायचं. हे नवीन काही नव्हतं. नानींना तर मुळीच नव्हतं. त्या नुसत्या "बरं केलंस" म्हणाल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग घरी कवा नेतोस तिला?"

"आता उलटं पल्याड कुटं न्यायची," आबा म्हणाले. "रस्ता हितनंच हाय. उद्या सकाळी तिच्या आयला होडीतनं घिऊन येतो. हितनंच जाऊ समदी. एक रात ऱ्हाऊ द्या तिला तुमच्याकडं."

छत्रीवाल्या माणसानं मान हलवली. तो म्हणाला, "हितनं पौड, पौडावरनं गाडी. बरं पडंल."

मी दाराआडून परसाकडं पाहिलं. उन्हात पाणी चकचकत होतं. पल्याड जांभळाच्या बाजूनं धूर वर जात होता. आई काहीतरी शिजवत होती. बाळ माझ्या परकराला धरून उभं होतं आणि हसत होतं, कारण आक्का आज जात नाही एवढं त्याला समजलं होतं. मी गाठोडं खाली ठेवलं.

नानांनी थुंकी लावून नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि मांडीखाली सारल्या.

"फिटलं बाबा," ते म्हणाले. "आता तुज्याकडं आमचं काय बी ऱ्हायलं न्हाई."

आबांनी दोन्ही हात जोडले. भाताचे सगळे पैसे फिटले होते.